मीठ मागाले तू आली नाही

मंदा, काल इथल्या मराठी मंडळाचा माणूस येऊन गेला. अंकात तुह्यावर लेख पाहिजे म्हणे. जन्म, शिक्षण, समाजकार्य असं ओळीनं लिहून द्या वहिनी, अन् शेवटी आठवणीचे दोन शब्द. मी त्याले चहा पाजला अन् वाटेले लावलं. तुह्या जन्माचं मी काय लिहू? तू जन्मली तेव्हा मी तिकडे अमरावतीकडे फ्रॉक घालून चिंचा पाडत असन. अन् समाजकार्य म्हणशीन तं साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या, भानगडी तुले तोंडपाठ होत्या, ते त्यात धरतात की नाही मले माहीत नाही.

म्हणून मी माह्या पद्धतीनं लिहून राहिली, अन् आपण बोलत होतो तसंच लिहून राहिली. तुह्याशी पुस्तकी बोलली असती तं तूच विचारलं असतं, दीदी, तब्येत ठीक आहे ना?

अंक वाचणाऱ्याले आपलं नातं आधी सांगून टाकते. मी थोरली सून, तू धाकटी. पुरानी बस्तीतल्या घरात मी खाली, तू वर, मध्ये जिना. मी वऱ्हाडातून लग्न होऊन आली. तू रायपूरचीच, आजोबापासून रेल्वेतलं घर, म्हणून तुही मराठी अर्धी हिंदी, अन् ‘हो’ म्हणायच्या जागी छत्तीसगढी ‘हव’. आमच्याकडे जावेले कोणी दीदी म्हणत नाही. तू लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जिन्यावरून हाक मारली, ‘दीदी, पाणी आलं!’ अन् मी इकडेतिकडे पाहून राहिली की ही कोणाले बोलावते. मग जन्मभर मी दीदीच राहिली. तुह्यामुळं सारा पारा मले दीदी म्हणते.

आपल्या भांडणाले कारण लागत नव्हतं. पाण्याची मोटर कोणी चालू ठेवली, गच्चीवर कोणाचे पापड कोणाच्या पापडावर चढले, भाऊजीचे कान कोणी भरले. भाऊजी म्हणजे माहा दीर, तुहा नवरा, दोन्हीकडून बोलणी खाणारा गरीब माणूस. भांडण झालं की अबोला. अन् अबोला तुह्यासारखा कोणी धरूच शकत नव्हतं. कुलूप तोंडाले होतं, हाताले नाही. वरून भांड्याचा असा आवाज काढे की मले खाली बसल्या बसल्या समजे, राग किती आहे, जेवली की नाही, अन् पोळ्या लाटून राहिली की माहं डोकं.

अबोल्यातही आपले कायदे होते. सकाळचा चहा बंद करायचा नाही. मी खाली दोघींचा करायची अन् तुहा कप जिन्याच्या मधल्या पायरीवर झाकून ठेवून द्यायची. तू कप उचले, धुवून तिथंच आणून ठेवे. फारच अडलं तं तिसऱ्याले मध्ये घालून बोलायचं. भाऊजी घरी नसले तं तू गच्चीवरच्या तुळशीले सांगे, एवढ्या मोठ्यानं की चौथ्या घरातल्या बाईले समजे, खालच्या लोकाइचं गॅस सिलिंडर आलं आहे.

अन् अबोला सोडायचा तोही कायद्यानं. माफीबिफी आपल्या घरात कोणी मागितली नाही. जी हरली तिनं वाटी घेऊन दुसरीच्या दारात जायचं अन् विचारायचं, मीठ आहे का? घरात बरणीभर मीठ असलं तरी. समोरचीनं वाटी भरायची, पण हातात द्यायची नाही, मीठ हातोहात दिलं की भांडण लागते म्हणतात. ओट्यावर ठेवायची. मग जी मागाले आली तीच, पोटात दाबून ठेवलेलं सारं एका दमात सांगाले लागे, अन् मीठ तिथंच राहून जाये. जास्त वेळा तूच आली, हे मी आज कबूल करते. राग तुहा मोठा होता, पण दम तुहाच लवकर सुटे.

शेवटच्या अबोल्यात मात्र तू मीठ मागाले आली नाही. मी वाट पाहून राहिली.

सारं भुलाबाईच्या दिवसात सुरू झालं. रायपुरात आता भुलाबाई कोण बसवते? आपल्या पाऱ्यात तूच. भादव्यातल्या पुनवेले मातीचे भुलोबा-भुलाबाई मांडायचे अन् कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोट्ट्या जमवायच्या. साऱ्या घरी हिंदी बोलणाऱ्या. मराठीत विचारलं तं हिंदीत उत्तर देणाऱ्या. पण गाणी तुह्या तोंडून ऐकून ऐकून पाठ. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा कानाशी हलवायचा अन् आत काय ते आवाजावरून सांगायचं. त्यात तू कधी हरली नाही. शेंगदाण्याची चिक्की अन् तिळाची चिक्की यातला फरक कानानं सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

यंदा एका संध्याकाळी मी डब्यात करंज्या ठेवल्या होत्या. तू डबा हलवला अन् हसली, म्हणजे ओळखलं. मग म्हणाली, ते... ते आहे ना... दिवाळीत नाही का... अन् दोन बोटांनी हवेतच करंजीले मुरड घालून दाखवली. पोट्ट्या ओरडल्या, काकी, नाम बोलो ना! तू डबा खाली ठेवला, म्हणाली, नाही सांगत, पळा. साऱ्या हसल्या. मीही हसली. मले वाटलं, तू पोट्ट्याइले खेळवून राहिली.

त्याच आठवड्यात अभय आला. अभय माहा पोरगा. शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपुरात सरकारी नोकरीत आहे, तिथंच त्याचा फ्लॅट. हे, तू ज्याइले भाऊ म्हणे ते, गेल्यापासून तो मले तिकडे चल म्हणून मागं लागला होता अन् मी टाळून राहिली होती. काय करू तिकडे जाऊन? रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाले हाक पोचत नाही, अन् बस कधी येईन ते बसवाल्यालेही माहीत नाही. दर वेळी तू माहीच बाजू घे. दीदी गेली तं मी भांडू कोणाशी, म्हणे. पण त्या दिवशी तू त्याच्यासमोर मले म्हणाली, ‘दीदी, तुम्ही आता जा. इथं काय ठेवलं आहे?’

माह्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, काहून व, खालचं घर पाहिजे का तुले? जिना चढवत नाही का आता? तू तोंड उघडलं, मले वाटलं आता माही खैर नाही. पण तू काही बोललीच नाही. तोंड मिटलं अन् वर निघून गेली.

तिथून अबोला. पण या वेळी वरून भांडी वाजली नाही. तुळशीलेही तू काही सांगतलं नाही. कप धुवून येत होता, पण कधी भलत्याच पायरीवर, एकदा तं उपडाच. मी मनात म्हटलं, पाहा, एवढा राग की भांडी आपटाचीही इच्छा नाही. मले तुहा फार राग आला होता, मंदा. अन् रागाच्या खाली भीती होती. एवढी वर्षं सोबत काढून तुले मी नकोशी झाली, असं मले वाटून राहिलं होतं.

मग ती सकाळ. भाऊजीनं तुले काहीतरी विचारलं, तू ओ दिली नाही. पाण्याचा गडवा हातातून पडला, तू नुसती पाहत राहिली. भाऊजीले वाटलं, थोरलीवरचा राग आता आपल्यावरही उतरला. असं होत होतं, आपल्या भांडणात त्यांच्याही वाट्याले एखादा अबोला येऊन जाये. ते निमूटपणे पाणी पुसून, थैली घेऊन भाजी आणाले गेले. दुसऱ्या कोणाच्या घरी बायको बोलत नाही म्हटल्यावर नवरा घाबरला असता. आपल्या घरी ते रोजचंच होतं.

मी खाली पायरीकडं पाहून राहिली. कप तसाच होता, चहावर साय धरलेली. अबोल्यात तू चहा कधी टाकला नाही. म्हणून मी कायदा मोडून जिना चढली. तू ओट्याले टेकून उभी होती, उजवा हात लटकलेला, तोंड एका बाजूले ओढलेलं. मले पाहून तुहे ओठ हलले. आवाज आला, शब्द नाही आला. मी खिडकीतून अशी ओरडली की अख्खा पारा जमा झाला, अन् कोणीतरी गाडी आणली.

भाऊजी अजून तेच धरून बसले आहेत. मी भाजीले गेलो नसतो तं, म्हणतात. मी त्याइले सांगते, तुमचा दोष नाही. आम्ही दोघीनं मिळूनच तुम्हाले जन्मभर शिकवलं, चूप बाई म्हणजे रागावलेली बाई.

तेलीबांध्याकडच्या त्या दवाखान्यात डॉक्टरनं डोक्याची फिल्म उजेडासमोर धरली अन् डाव्या बाजूले, कपाळाच्या मागं, एका डागावर पेन ठेवला. आपले शब्द जुळवून तोंडात आणून देणारी जागा तिथं असते म्हणे. तीच मार खाऊन गेली. अन् शेजारीच उजवा हात चालवणारी जागा, म्हणून हातही गेला. मी विचारलं, तिले समजते का आपलं? ते म्हणाले, समजायची जागा आणखी मागं असते, कानाच्या वर, ती बरीच वाचली आहे. मी तुह्याकडं पाहिलं. तू माह्याकडं असं पाहिलं की डॉक्टरनं सांगाची गरजच नव्हती.

नंतर दीप्ती आली. बोलणं परत शिकवणारी पोरगी, इथलीच, छत्तीसगढी. तिनं मले साध्या हिंदीत समजावून सांगतलं. म्हणे, आंटी, टंकी भरी हुई है, नल जाम है. गच्चीवरची टाकी अन् नळ हे पुरानी बस्तीतल्या बाईले लगेच समजते. मले रडू आलं ते त्यानंच. तुही टाकी किती भरलेली होती ते मले माहीत होतं ना.

तुह्या शेजारच्या खाटेवर एक काका होते, आठवतात? त्याइचं उलटं झालं होतं. त्याइची ती मागची, समजायची जागा गेली होती. काका धडाधड बोलत, हात हलवून, मान डोलावून, अगदी पंचायतीत बसल्यासारखे, अन् एकही शब्द कशाले कशाचा लागत नव्हता. अन् त्याइले वाटे, सारं बरोबर चाललं आहे. एकदा ते मले मोठ्या प्रेमानं काहीतरी लांबलचक सांगून राहिले अन् मी हव हव करून राहिली. तेव्हा तू अर्ध्या तोंडानं हसली. पडल्यानंतर तू पहिल्यांदा हसली ती तेव्हा. मग तुह्या डोळ्यात पाणी आलं. काय गेलं ते काकाले माहीत नव्हतं. तुले माहीत होतं.

अन् ती शिवी. स्ट्रेचर ओढणाऱ्यानं तुहा पाय दाराले आपटला अन् तुह्या तोंडून खणखणीत निघालं, ‘मुडद्या!’ सारे जागच्या जागी थांबले. भाऊजी तं रडालेच लागले आनंदानं. अभय म्हणाला, काकी बोल सकती है! पण पुढं काही नाही. तू स्वतःच दचकून स्वतःच्या तोंडाले हात लावून पाहत होती. दीप्ती म्हणे, शिव्या, देवाचं नाव, मोजणी, असं जे न ठरवता तोंडून निघते ते डोक्यात दुसऱ्या वाटेनं येते, त्यावर भरवसा ठेवू नका. मी म्हटलं, बाई माही जन्मभर शिव्या देऊन राहिली, एक तरी वाट उघडी आहे ना.

कोजागिरी दवाखान्यातच आली. दुपारी भाऊजी जेवाले गेले होते. खिडकीतून तेलीबांध्याचा तलाव दिसत होता, पाणी नुसतं चमकत होतं. तिकडं घरी तुही भुलाबाई तशीच बसलेली, उठवणारं कोणी नाही. मले सहन होईना. मी तुह्या डोक्यावरून हात फिरवत, आपल्यापुरतंच, भुलाबाईचं ते रोजचं पहिलं गाणं म्हणाले लागली. माहा आवाज तुले माहीत आहे, फाटकं सूप. दुसऱ्या ओळीले तुह्या गळ्यातून हुंकार आला. तिसरीले शब्द आले. शब्द, मंदा! एकामागून एक, न अडखळता, तू अख्खं गाणं म्हटलं, अन् मी विसरलेलं कडवंही तूच पुढं नेलं. शेजारचे काकाही चूप झाले. गाणं संपलं. मी म्हटलं, आता बोल व, काही तरी बोल, मले शिवी दे. तू तोंड उघडलं, जोर लावला, मान लाल झाली. काहीच आलं नाही.

ही गोष्ट बाहेर पसरली अन् माणसं वाट्टेल ते बोलाले लागली. गाता येते तं बोलता काहून येत नाही? नाटक आहे. जुनी खोड आहे तिची, अबोला धरून बसली असन. तुह्या माहेरचेच कोणी म्हणून गेले. मी त्याइले दवाखान्याच्या जिन्यावरूनच परत लावलं. दीप्तीनं मले सांगतलं होतं, चाल सांभाळणारी जागा उजव्या बाजूले असते अन् ती धड आहे. लहानपणापासून चालीत बसलेले शब्द चालीसोबत निघून येतात, नवे शब्द जुळवून बाहेर काढायचे तं डावीकडंच जावं लागते, अन् तिकडली वाट बंद. पण तुहा एवढ्या वर्षांचा लौकिक. तुहं चूप बसणं खरं आहे, हे कोणी मानालेच तयार नव्हतं.

घरी आल्यावर तुले मी खालीच ठेवलं, माह्या खोलीत. अभय म्हणे, नर्स ठेवू, माँ. मी म्हटलं, माह्या जिवात जीव आहे तोवर मीच. अबोल्याचा तेव्हा असा उपयोग झाला की काय सांगू. भाऊजी तुले पन्नास प्रश्न विचारत, भूक लागली का, थंडी वाजते का, कूस बदलायची का, अन् तू वैतागून डोळे मिटून घे. मले विचाराची गरज नव्हती. तुह्या चमच्याच्या आवाजावरून, श्वासावरून, भिंतीकडं पाहायच्या पद्धतीवरून मले सारं समजे. न बोलता तुले समजून घ्यायचीच तं सवय होती मले. दीप्ती म्हणे, आंटी, आपको कैसे पता चलता है? मी म्हटलं, बाई, आम्ही फार भांडलो.

सारं समजे, एक सोडून. तू मले जा काहून म्हटलं, ते मले समजत नव्हतं. अन् ते विचारायचं कसं? कूस बदलायची का विचारलं तं मान हलवता येते. तुले मी नकोशी झाली का, हे तुह्यासमोर पेज घेऊन बसल्यावर कोणत्या तोंडानं विचारू?

आठवड्यातून दोनदा तुले दीप्तीकडं नेत होतो. तिची पद्धत अशी, तुहा डावा हात आपल्या हातात घ्यायचा, त्यावर ताल धरायचा, अन् एखादा शब्द गाण्यासारखा वरखाली करून म्हणायचा. तू आधी नुसती चाल गुणगुणायची, मग तीत शब्द बसवायचा. बंद वाटेच्या बाजूनं नवी पायवाट पाडायची, म्हणे. ‘पाणी दे’ आलं. ‘दुखते’ आलं. चाल आपण भुलाबाईचीच घेतली होती. तिनं मले विचारलं, घरात आणखी कोणता शब्द कामाचा आहे? मी म्हटलं, मीठ.

मरीजले मीठ मना असते, तिले वाटलं मी वेडी आहे. पण मले ते ऐकायचं होतं. तू एकदा मीठ आहे का म्हटलं असतं, अगदी गाऊन, अर्ध्या तोंडानं, तं मी समजली असती की सारं मिटलं. मी ताल धरला, चाल लावली, मीठ, मीठ. तू माहा हात सोडून दिला अन् मान फिरवली. पुढच्या वेळी तेच. तिसऱ्या वेळीही तेच. दीप्ती म्हणे, शायद मुश्किल शब्द है. मी मनात म्हटलं, मुश्कील नाही, हिचा राग अजून गेला नाही.

मग एक दिवस घरी दुपारी, मी तुहे केस विंचरून राहिली होती. तू डाव्या हातानं माहं मनगट धरलं अन् स्वतःच ताल धराले लागली. दीप्तीनं न शिकवलेलं, कोणी न सांगतलेलं. गुणगुणणं सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. घाम फुटला तुले. अन् मग आलं, भुलाबाईच्या चालीत, दोन शब्द, स्वच्छ.

‘दीदी जा.’

अन् पुन्हा, ‘दीदी जा.’

तुह्या आजारात तू आपल्या मनानं जुळवलेलं ते एकच वाक्य. माह्या हातातला कंगवा तसाच राहिला. एवढी खपून, एवढी घामाघूम होऊन, तुले मले हेच सांगायचं होतं? मले इतकं लागलं की मीही त्याच चालीत उत्तर दिलं, नाही जात. तू माह्याकडं पाहत राहिली. मग तू रडली. रागानं रडली, असं तेव्हा वाटलं. मी तुही वेणी घालून पूर्ण केली अन् बाहेर जाऊन उभी राहिली.

होळीच्या आधी दुसरा झटका आला अन् तू गेली. माहा हात तुह्या डाव्या हातात होता, ताल मात्र नव्हता.

तेरवी झाली. माणसं जेवून गेली. भाऊजी गच्चीवर तुळशीपाशी बसून राहिले. अभय मागं राहिला, ताटं उचलू लागला, अन् एकदम माह्याजवळ येऊन म्हणाला, माँ, काकी ने मना किया था, इसलिए नहीं बताया. भुलाबाईच्या दिवसात, करंजीच्या दुसऱ्याच दिवशी, तू त्याले फोन केला होता. अभय माह्याशी जन्मात मराठी बोलला नाही. समजते सारं, बोलते हिंदी. पण तुहं बोलणं त्यानं तुह्याच मराठीत सांगतलं.

‘अभय, तुह्या आईले घेऊन जा. माहे शब्द हरवून राहिले. हाताले मुंग्या येतात. सासूबाईचं असंच सुरू झालं होतं. सासूबाईचं सारं दीदीनं केलं, मग भाऊंचं केलं, आता मी पडली तं ती माह्याही उशाशी बसन. तिची पाठ आता ते सहन नाही करणार. मी पडायच्या आधी तिले ने. मी तिच्याशी भांडते, मग ती जाईन.’

तो म्हणे, त्यानं तुले डॉक्टरकडं चल म्हटलं होतं. तू म्हणाली, हव, दिवाळीनंतर. त्याले खरं वाटलं. आता लहान पोरासारखा रडून राहिला होता. मी त्याले पोटाशी धरलं, पण मले त्याचं रडणं ऐकूच येत नव्हतं. मी ऐकून राहिली होती तो तुहा अबोला. भांडी न वाजणारा. म्हणजे तू रागावली नव्हतीच. बोलशीन तं शब्द चुकन, अन् शब्द चुकला की दीदीच्या लक्षात येईन, म्हणून तू तोंड मिटून वर जाऊन बसली. मी तुले खालचं घर पाहिजे का विचारलं, त्याचं उत्तर तुह्याजवळ नक्की होतं, मंदा. तुह्यासारख्या बाईजवळ ते नसन असं होऊच शकत नाही. पण ते देता देता एखादा शब्द निसटन, म्हणून तू ते गिळलं. मले कशाची भीती वाटून राहिली होती, अन् तू कशाले भिऊन राहिली होती!

अन् मीठ. मीठ म्हणजे भांडण मिटलं. भांडण मिटलं की मी राहिलीच असती. म्हणून तू मान फिरवली. तुले येत नव्हतं असं नाही, तुले ते म्हणायचंच नव्हतं. जे म्हणायचं होतं ते तू त्या उजव्या बाजूच्या वाटेनं, भुलाबाईचा हात धरून, एवढ्या घामानं माह्यापर्यंत आणून पोचवलं. अन् मी त्याच चालीत नाही जात म्हणून मोकळी झाली.

मले तुहा राग येते, मंदा. मले विचारलं काहून नाही? मी बसलीच असती तुह्या उशाशी, अन् बसलीच. माही पाठ दुखली, हो, अजून दुखते. पण तुहे केस विंचराले मिळाले, तुह्या चमच्याचा आवाज मले रोज ऐकू आला, ते मी कोणाले दिलं नसतं. तुह्या त्या वेड्या हिशेबात हे कुठंच नव्हतं. यावर आपलं मोठं भांडण झालं असतं. ते राहून गेलं.

उद्या अभय गाडी घेऊन येते. भाऊजीही येऊन राहिले नवा रायपुरात, त्याइले मी इथं एकटं ठेवत नाही. त्याइनं तुही तुळस कुंडीसकट बांधून ठेवली आहे. भादव्यात भुलाबाई तिकडंच बसवीन. तिथल्या इमारतीत पोट्ट्या खूप आहेत म्हणते अभय, साऱ्या हिंदी बोलणाऱ्या. माहा आवाज फाटका आहे, पण चाल शिकवता येईन.

माहं सारं सामान बांधून झालं. मिठाची बरणीही बांधली, मुद्दाम. आज दुपारी मी एक रिकामी वाटी तेवढी बाहेर ठेवली अन् ती घेऊन जिना चढली. मधल्या पायरीवर जरा टेकली, पाठीमुळं. वर भाऊजी तुह्या ओट्यापाशी उभे होते. त्याइनं माह्या हातातली वाटी पाहिली अन् गच्चीवर निघून गेले. मी तुह्या ओट्यासमोर उभी राहिली. तुही बरणी तिथंच आहे, झाकणावर तुहं फडकं.

मंदा, मीठ आहे का?